हर्णैच्या बंदरात नांगरलेल्या होड्या

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ पाहण्यासाठी घाटावरून पुष्कळ शेतकरी येतात. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात आंबा, काजू, नारळ, सुपारी आणि भाताच्या नाना जाती पाहता पाहता दिवस कसा सरतो ते कळत नाही. तुम्हीही कधी तिकडे जाल. तेव्हा एवढे करा, एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि हर्णैची एस.टी. धरा. अंतर पंधरा-सोळा किलोमीटरचे. वाट वळणाची आणि उताराची. आसूदच्या बाजूला सुपारीच्या दाट बागा लागतात, पाटाचे पाणी खळखळताना ऐकू येते, आणि मग एका वळणावर एकदम समुद्र समोर उभा राहतो.

हर्णै हे मासळीचे मोठे बंदर. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावरच्या वाळूत मासळीचा लिलाव होतो. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांच्या राशी वाळूवर पडतात आणि भोवती माणसांचे कडे जमते. तुमच्या आमच्या बाजार समितीत धान्याच्या ढिगाभोवती जमते तसेच. परंतु शेतकऱ्याच्या नजरेला लिलावापेक्षाही नवल वाटते ते बैलगाड्यांचे. इथे पिढ्यान्‌पिढ्या धक्क्याविना बंदर चालत आले. मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत. म्हणून मासळी उतरवून आणायला बैलगाड्या थेट पाण्यात जात आल्या. पोटापर्यंत लाटांत उभे राहिलेले बैल पाहिले की आपल्या गोठ्यातल्या बैलांची आठवण होते. नदी ओलांडताना बुजणारे आपले बैल, आणि हे खाऱ्या पाण्यात कान हलवीत शांत उभे!

लिलाव पाहून झाला की लगेच परतीची गाडी धरू नका. वाळूत बसा आणि समोर पाण्याकडे पाहा. काठापासून दूर, सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, कितीतरी होड्या नांगर टाकून उभ्या असतात. रंगवलेल्या, झेंडे लावलेल्या, लाटेबरोबर माना डोलावणाऱ्या. नीट पाहिले तर ध्यानात येईल की त्यांतल्या बहुतेकांवर माणूस नाही. खलाशी घरी गेले, नाखवा घरी गेला. होडी एकटी आहे.

नांगर हा शब्द आपला आणि दर्यावर्दी माणसाचा एकच. आपण नांगरले म्हणजे जमीन उलटली, त्याने नांगरले म्हणजे होडी थांबली. दोघांचाही संसार त्या लोखंडाच्या फाळावर उभा. फरक इतकाच की, आपण शेत सोडून घरी आलो तर शेत कुणी उचलून नेत नाही. होडी नेता येते, आणि होडीवरचे सामान तर त्याहून सहज नेता येते.

होडीवर असते तरी काय?

वाळूत जाळे दुरुस्त करीत बसलेला एखादा वयस्क नाखवा दिसला, तर जवळ जाऊन बसा. “काका, एवढी मोलाची होडी पाण्यात सोडून घरी झोप लागते का हो?” असे विचारा. तो हातातली सुई न थांबवता बोलू लागेल. या किनाऱ्यावर कोळी, खारवी, भोई, दालदी असे नाना समाज मासेमारी करतात. बोली वेगवेगळी असली तरी सगळ्यांची काळजी एकच.

आपल्याला लांबून होडी म्हणजे लाकूड दिसते. आत मात्र एक सबंध प्रपंच भरलेला असतो. तळाशी इंजिन. इंजिन चालू करायला आणि रात्री दिवे लावायला भल्या थोरल्या बॅटऱ्या. टाकीत डिझेल. पाण्याखाली पितळेच्या जातीच्या धातूचा पंखा, ज्याला भंगारातही चांगला भाव येतो. केबिनमध्ये वायरलेस संच, जागा दाखवणारे जी.पी.एस. यंत्र आणि पाण्याखालची मासळी दाखवणारे यंत्र. वर जाळ्यांचे ढीग, दोरांची वेटोळी, बोये, जास्तीचा नांगर. शिवाय गॅसची शेगडी, सिलिंडर, भांडीकुंडी आणि अंगावर घालायची जीवरक्षक जाकिटे.

यांतले बहुतेक कर्जाने घेतलेले असते. आणि एक बॅटरी गेली तर नुसती बॅटरी जात नाही, त्या दिवसाची फेरीच जाते. मासळीच्या उत्पन्नातून डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाऊन होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचा वाटा अशी वाटणी या धंद्यात सर्रास असते. होडी उभी राहिली की सगळ्यांचेच वाटे बुडाले. ऐन पेरणीच्या दिवशी तिफणीचे फण चोरीला जावेत, तसे हे. फणांची किंमत थोडी असते, पण वाफसा काही थांबत नाही.

हातात मावेल ते घरी

मग हे लोक करतात काय? पहिला नियम अगदी साधा. जे हातात, खांद्यावर, डोक्यावर मावते ते होडीवर ठेवायचे नाही. होडीवरून छोट्या होडीने काठाला येणारी माणसे नीट पाहा. कुणी रिकाम्या हाताने उतरत नाही. एकाच्या काखेत जी.पी.एस.चा डबा असतो, एकाच्या हातात वायरलेस, एकाच्या खांद्यावर डिझेलचा कॅन. होडीचे नोंदणीचे कागद आणि परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून नाखव्याबरोबर ये-जा करतात. लहान होड्यांच्या मागे बाहेरून लावायची इंजिने असतात. एकदोघांना उचलतील अशी ती असतात. तीही काढून घरी न्यायची. नेणे जमत नसेल तर इंजिन होडीला आवळणारे दोन्ही स्क्रू एका पट्टीत अडकवून कुलूप घालायचे, आणि वर साखळी.

छोट्या होडीची वल्ही मात्र न विसरता घरी जातात. वल्ही नाहीत म्हणजे चोराला काठावरची होडी ढकलून समुद्रातल्या मोठ्या होडीपर्यंत जाता येत नाही. कोपऱ्यात उभी केलेली वल्ह्यांची जोडी ही एका परीने घराची किल्लीच.

त्या जी.पी.एस. यंत्राबद्दल एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. यंत्र गेले तर नवे विकत मिळते. परंतु त्या यंत्रात नाखव्याने वर्षानुवर्षे साठवलेल्या खुणा असतात. अमुक ठिकाणी खडक आहे, जाळे फाटेल. तमुक ठिकाणी अमुक महिन्यात मासळी लागते. हे ज्ञान दुकानात मिळत नाही. म्हणून शहाणा नाखवा त्या खुणांचे आकडे एका वहीत उतरवून घरात ठेवतो. वहीला थोडेच पैसे लागतात, पण ती हरवलेल्या यंत्राचा प्राण वाचवते. तुमच्याही मोबाइलमध्ये आता सोसायटीचे आकडे, बियाण्याच्या पावत्यांचे फोटो, पाहुण्यांचे नंबर भरलेले असतात. त्यांची वही आहे का घरात?

कुलूप कुठे लावावे, कुठे लावू नये

दुसरा नियम ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सगळे सामान घरी नेल्यावर रिकाम्या केबिनला कुलूप लावू नये, असे जाणती माणसे म्हणतात. दार उघडे ठेवावे, पडदा बाजूला सारावा, आतले रिकामे खण दिसू द्यावेत. कारण कुलूप चोराला सांगते की आत काहीतरी आहे. मग तो दार फोडतो. आत काही मिळत नाही ते वेगळे, पण दाराची दुरुस्ती आपल्या गळ्यात पडते. शेतातल्या रिकाम्या खोपीला मोठे कुलूप लावून दार गमावल्याचे अनुभव आपल्याकडेही ऐकायला मिळतात. इंजिनाचे झाकण, टाकीचे तोंड, बॅटरीची पेटी, जिथे वस्तू खरोखर राहणारच आहे तिथेच कुलूप घालावे.

आणि कुलूप पितळेचे असावे. खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप थोड्याच दिवसांत असे गंजते की मालकालाच ते फोडावे लागते. पितळी कुलपातही महिन्यातून दोनदा तेल सोडावे आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पदरासारखा लोंबता ठेवावा, म्हणजे लाटांचा शिंतोडा आत जात नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला हीच युक्ती पावसाळ्यात उपयोगी पडते.

लपवण्याच्या नादी लागू नये. होडीच्या कोणत्या फळीखाली काय मावते हे ज्याला ठाऊक असते, असाच चोर होडीवर चढतो. त्यापेक्षा वस्तूवर खूण करावी. इंजिनावर, पंख्याच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या पेटीवर, नांगराच्या दांड्यावर होडीचा नंबर ठोकून घ्यावा. एक खूण दिसेल अशी, एक फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली. यंत्रांवरचे कारखान्याचे नंबर वहीत लिहावेत, मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. खूण असलेला माल भंगारवाला घ्यायला कचरतो. शिवाय चोरी झालीच, तर पोलिसांत फिर्याद देताना, पंचनामा करताना आणि विमा असेल तर विम्याचे पैसे मागताना, ‘माझा माल हाच’ हे दाखवता येते. नुसते “माझी बॅटरी होती हो साहेब” म्हणून कुणी ऐकत नाही.

पहिला चोर समुद्र

परंतु नाखव्याला विचाराल तर माणूस चोर दुसरा, पहिला चोर समुद्र. लाकडी होडीत थोडे थोडे पाणी झिरपतच असते. ते काढायला पंप लागतो आणि पंपाला बॅटरी लागते. चोराच्या भीतीने बॅटरी घरी नेली, तर पंप बंद. ठेवली, तर चोरीची भीती. या कोड्याला यंत्राचे उत्तर नाही, माणसाचेच आहे. होडी उभी असली तरी कुणीतरी रोज तिच्यावर जाऊन पाणी पाहिले पाहिजे. गाभण गाईजवळ आपण रात्रीतून एकदा कंदील घेऊन जातोच ना, तसे.

नांगराचेही तसेच. दोर आखूड असला तर भरतीला तो ताणतो, नांगर वर उचलला जातो आणि होडी सरकू लागते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडावा, असा हिशोब धरतात. ही खोलीही भरतीची धरायची, ओहोटीची नव्हे. दोर जिथे होडीच्या लाकडावर घासतो तिथे जुने कापड किंवा रबरी नळीचा तुकडा गुंडाळतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे पाणी येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे. होडीला किती दोर द्यायचा, कधी जाऊन पाहायचे, हे कोळ्याच्या घरात पंचांगावरून ठरते. आपण नक्षत्रे मोजतो, ते तिथी मोजतात.

ओहोटीची भीती निराळी. खाडीत चिखलावर बसलेल्या होडीचा पंखा ओहोटीला उघडा पडतो. जे काम पाण्यात बुडी मारूनही कठीण, ते तेव्हा पाना घेऊन सहज करता येते. म्हणून खाडीतली होडी रात्रीच्या ओहोटीला डोळ्यांसमोर असावी लागते.

चार डोळ्यांची राखण

आता समोरचा सुवर्णदुर्ग पाहा. आणि त्याच्यासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. एवढ्याशा गावाला चार किल्ले कशासाठी? हर्णैचे पाणी होड्यांना आसऱ्याचे, आणि जिथे होड्या उभ्या राहतात तिथे पहारा लागतो, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. सुवर्णदुर्ग मराठी आरमाराचे मोठे ठाणे होते. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. पुढे १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो आंग्र्यांच्या हातून घेतला. आपल्याच आरमारावर परक्याला बोलावल्याचा तो प्रसंग मराठी माणसाला आजही बोचतो. राखणदारांत फूट पडली की तटबंदी कितीही उंच असो, उपयोग होत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सुवर्णदुर्ग आहे.

आज तटावर पहारेकरी नाहीत. कनकदुर्गावर दीपगृह आहे, त्याचा प्रकाश रात्रभर फिरतो. खरी राखण मात्र शेजाऱ्यांची. होड्या एकमेकींच्या जवळ, ओळखीच्या घोळक्यात नांगरायच्या हा तिसरा नियम. एकटी, लांब नांगरलेली होडी म्हणजे गावाबाहेरचे खळे. घोळक्यात कुणाची तरी होडी मध्यरात्री निघते, कुणाची पहाटे येते. येणारा-जाणारा सहज नजर टाकतो. किनाऱ्यावरच्या माणसाला अंधारातसुद्धा होडीच्या आकारावरून, इंजिनाच्या आवाजावरून ती कुणाची ते कळते. भलत्या वेळी भलत्या होडीचे इंजिन सुरू झाले की घराघरांत कान टवकारतात.

यात बायकांचा वाटा मोठा आहे. मासळीचा लिलाव, निवड, विक्री यांत त्यांचा दिवस किनाऱ्यावरच जातो. कोण नवा माणूस आला, कोण छोटी होडी मागत होता, कुणाचा दोर सैल झाला, हे आधी त्यांच्या नजरेला येते. “अगो, ती होडी कुणाची सुटली बघ!” ही हाक बहुधा त्यांचीच असते.

परंतु ही राखण आपोआप टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. धंदा वाढला तसे लांबून, दुसऱ्या राज्यांतूनही खलाशी कामाला येऊ लागले. त्यांची नावे-गावे, ओळखीचे कागद नाखव्याने घेतलेच पाहिजेत. मात्र चोरी झाली की आधी परक्यावर बोट दाखवायचे, हा न्याय नव्हे. पगार वेळेवर, जेवण वेळेवर आणि माणसासारखी वागणूक मिळाली तर तोच खलाशी होडीचा सगळ्यांत जवळचा राखणदार होतो. आपला सालगडी आणि आपले खळे यांचा विचार करा म्हणजे हे पटेल.

जोखमीचे दिवस कोणते? शिमग्याला आणि लग्नसराईत सगळे गावात रमलेले असतात आणि होड्या एकट्या उभ्या राहतात. अमावास्येच्या काळोख्या रात्रीही तशाच. अशा वेळी पाळी लावून दोघांनी जागायचे. एकट्याला झोप लागते, दोघांच्या गप्पांत रात्र निघते.

होडी ही गावाची, देशाचीही

१९९३ च्या सुरुवातीला याच कोकण किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यात शेखाडीला, चोरून स्फोटके उतरवली गेली. पुढे १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका अतिरेक्यांनी भर समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरच्या माणसांचा जीव घेतला आणि तिच्यातून ते मुंबईजवळ पोचले. तेव्हापासून होडीची राखण ही केवळ नाखव्याची खासगी बाब राहिली नाही. होड्यांवर नोंदणीचे नंबर ठळक लिहावे लागतात, खलाशांना ओळखपत्रे बाळगावी लागतात, किनाऱ्यावर सागरी पोलिसांची गस्त असते.

म्हणून नाखवा होडी सोडताना आणखी एक गोष्ट करतो. डिझेलची तोटी बंद करतो आणि बॅटरीची तार सोडतो किंवा मुख्य बटण काढून खिशात टाकतो. पंपाची तार तेवढी वेगळी ठेवतात. कुणी होडीवर चढलाच तरी इंजिन सुरू होता कामा नये. ट्रॅक्टरची किल्ली ट्रॅक्टरलाच ठेवून चहाला जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे वाचावे. अनोळखी होडी दिसली, माणसाविना वाहत आलेली होडी दिसली, तर तिच्यावर चढू नये, ११२ या नंबरावर कळवावे.

पावसाळ्यातले शाकारणे

पावसाळ्यात मासळीच्या विणीच्या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते. गेली काही वर्षे ती १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची पाळली गेली. या दिवसांत होड्या समुद्रात ठेवून चालत नाही. काही वाळूवर ओढतात, काही आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधतात. मग होडी शाकारायची. हा शब्दही आपल्या ओळखीचा. आपण पावसाआधी घर शाकारतो, ते होडी शाकारतात. पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप घालीत, आता त्यावर ताडपत्री किंवा प्लास्टिकही येते.

दोन महिने होडी उभी म्हणजे राखणीचा खरा कस. टाकीतले डिझेल शक्य तेवढे काढून घेतात, कारण चोरीइतकीच आगीचीही भीती. बॅटऱ्या घरी नेऊन अधूनमधून चार्ज करतात. जाळी धुऊन, वाळवून, माळ्यावर टांगतात. इथे तिसरा चोर भेटतो, उंदीर! महागड्या नायलॉनच्या जाळ्याचा एका रात्रीत चोथा करतो. म्हणून जाळी भिंतीपासून सुटी, आढ्याला दोर बांधून अधांतरी ठेवतात. जमिनीवर ढीग नाही, उन्हातही नाही. बियाण्याची पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा धंदा सुरू होतो. त्या आधी झाप काढून होडी उघडली आणि सगळे जागच्या जागी सापडले, की घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो आपल्याला कणगी उघडल्यावर निरोगी बियाणे निघाले म्हणजे होतो तसाच.

माणूस आधी

एवढे सांगून झाल्यावर सगळ्यांत मोठा नियम. वादळाची सूचना आली की होडीवर राखणीला माणूस ठेवायचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या, घरांची छपरे उडवली. अशा वाऱ्यात होडी वाचवायला गेलेला माणूस होडीही वाचवत नाही आणि स्वतःही वाचत नाही. सूचना मिळताच होड्या आंजर्ल्याच्या खाडीत न्यायच्या, दुहेरी दोर बांधायचे, आणि घरी यायचे. कर्जाची होडी डोळ्यांदेखत आपटत असताना काठावर उभे राहणे सोपे नसते. गारपिटीत द्राक्षबाग पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते दुःख समजावून सांगायला नको. पण होडी पुन्हा बांधता येते. समुद्रात कुणी अडकलेच, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे.

तुम्ही जाल तेव्हा

हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गाला जाता येते. किल्ल्याच्या दारात पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरचा मारुती जरूर पाहा. पण होडीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि समुद्र खवळलेला असेल तर हट्ट धरू नका. अंगावरचे दागिने घरीच ठेवून निघालेले बरे. पैसे आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवा. सगळ्यांच्या पिशव्या वाळूत एका जागी टाकून सगळेच्या सगळे किल्ल्यावर जाऊ नका. घरातले एक जाणते माणूस काठावर बसू दे. आणि कुणाच्या नांगरलेल्या होडीवर फोटो काढण्यासाठी चढू नका, दोराला हात लावू नका. कुणी आपल्या बैलाचे दावे सोडून पाहिले तर आपल्याला कसे वाटेल?

मग घरी आल्यावर आपल्या मळ्याकडे एकदा नाखव्याच्या नजरेने पाहा. विहिरीवरची केबल, स्टार्टर, मोटार, ट्रॅक्टरची बॅटरी, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, सगळे रात्रभर एकटेच असते. हातात मावेल ते घरी आणा. जे राहणार त्याच्यावर नंबर ठोका आणि वहीत लिहा. आणि शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोलणे ठेवा. बांधाच्या वितभर जागेवरून त्याच्याशी वर्षानुवर्षे अबोला धरला असेल, तर तो मिटवा. तुमची मोटार कुणी उचलत असताना पहिली हाक देणारा तोच असतो.